जिमीचा टीव्ही

२२ मे १९४८ च्या शनिवारी रात्री अमेरिकेत ‘ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ हा रेडिओवरचा लोकप्रिय कार्यक्रम नेहमीप्रमाणे सुरू झाला. प्रश्नाचे उत्तर चुकले की स्पर्धकाची गंमतशीर फजिती करायची, असा त्याचा एरवीचा मामला. त्या रात्री मात्र हॉलिवूडच्या स्टुडिओत बसलेले सूत्रसंचालक राल्फ एडवर्ड्स यांनी देशाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बॉस्टनच्या बालरुग्णालयातल्या एका खाटेशी संवाद जोडला. खाटेवर बारा वर्षांचा मुलगा होता. त्याचे नाव जिमी असल्याचे श्रोत्यांना सांगण्यात आले. जिमीला बेसबॉलचे वेड. तुझा आवडता संघ कोणता, त्यात यष्टीमागे कोण असतो, चेंडू कोण टाकतो, असे एडवर्ड्स विचारत गेले. आणि मुलाने ज्याचे नाव घ्यावे तो बॉस्टन ब्रेव्ह्जचा खेळाडू दार उघडून खोलीत यावा, असे घडत गेले. शेवटी सगळ्यांनी मिळून बेसबॉलच्या मैदानावरचे नेहमीचे गाणे म्हटले. त्यात मुलाचा बेसूर, उत्साही आवाज वेगळा ऐकू येत होता. मग बॉस्टनचा दुवा बंद झाला आणि एडवर्ड्स यांनी श्रोत्यांना खरी गोष्ट सांगितली. या मुलाला कर्करोग आहे आणि ते त्याला ठाऊक नाही. मुलांच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी २० हजार डॉलर जमले, तर खाटेवरून सामने पाहण्यासाठी जिमीला टीव्ही संच मिळेल.

सगळा प्रकार जेमतेम आठ मिनिटांचा. पण रुग्णालयाच्या दारात लोक पैसे घेऊन येऊ लागले. पाकिटांवर नुसते ‘जिमी, बॉस्टन’ एवढाच पत्ता लिहिलेला असे, आणि टपाल खाते ती बरोबर पोहोचवी. मागितले होते २० हजार. जमले २ लाख ३१ हजारांहून अधिक. जिमीला टीव्हीही मिळाला. (त्या रात्री बॉस्टन शहरात टीव्हीचे केंद्र अजून सुरू व्हायचे होते. ते जून महिन्यात झाले. म्हणजे बक्षीस आधी जाहीर झाले आणि त्यावर पाहायचे काय, याची सोय नंतर झाली.)

मुलांच्या कर्करोगावरील संशोधनासाठी लोकांकडून पैसा उभा करण्याची जी रीत आज जगभर दिसते, तिचा पाया या आठ मिनिटांत घातला गेला. तिच्यातली अडचणही त्याच आठ मिनिटांत आहे. लोकांनी पैसा दिला तो एका मुलाकडे पाहून. तो खर्च व्हायचा होता प्रयोगशाळेत. त्यातून जे निघेल त्याचा उपयोग झालाच, तर तो पुढे कधीतरी, दुसऱ्याच कोणत्या तरी मुलाला होणार होता. देणाऱ्याला दिसते ते मूल आणि पैशाचा लाभ होणारे मूल ही दोन वेगळी मुले आहेत. या दोघांमधले अंतर कसे भरून काढायचे, हा संशोधननिधीचा मूळ प्रश्न आहे.

या मोहिमेमागचे डॉक्टर होते सिडनी फार्बर. ते विकृतिशास्त्रज्ञ होते. जिवंत रुग्णापेक्षा शवविच्छेदनाच्या टेबलाशी आणि सूक्ष्मदर्शकाशी त्यांचा संबंध जास्त. रुग्णालयाच्या तळघरात त्यांची लहानशी प्रयोगशाळा होती. मुलांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावर त्या काळी उपचारच नव्हता. निदान झाल्यावर मूल काही आठवडे, फार तर काही महिने काढी. फार्बर यांनी त्यावर औषध शोधायला घेतले आणि त्या शोधाचे एक टोक आपल्या मुंबईत येऊन पोहोचते.

१९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक जीवघेणा रक्तक्षय आढळत होता. त्याचे कारण तिला शोधायचे होते. जंतू सापडेनात, तेव्हा तिने आहाराकडे मोर्चा वळवला. उंदीर झाले, माकडे झाली. अखेर एका आजारी माकडाला मार्माइट दिल्यावर ते सुधारल्याचे दिसले. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून केलेला, इंग्रज लोक पावाला लावतात तो काळा, खारट पदार्थ. बायकांना तो दिला, तर त्यांचेही रक्त झपाट्याने भरून आले. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. मार्माइटमध्ये नेमके काय आहे ते तिला सांगता आले नव्हते. पुढे १९४१ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी चार टन पालक घोटून त्यातून एक द्रव्य वेगळे केले आणि लॅटिन भाषेतल्या पानाच्या शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव दिले. विल्सबाईंना मुंबईत जे सापडले होते, ते हेच. आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात लोहाबरोबर ज्या गोळ्या मिळतात, त्यांत ते असते.

फोलिक आम्लाने रक्तपेशी वाढतात, तर रक्ताच्या कर्करोगात ते देऊन पाहावे, असे फार्बर यांना वाटले. त्यांनी दिले, आणि काही मुलांचा आजार उलट भडकल्यासारखा दिसला. दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. फार्बर यांनी त्यातून नेमका उलटा निष्कर्ष काढला: कर्करोगाच्या पेशींना फोलिक आम्ल हवे आहे, तर ते मिळू न देणारे, त्याच्यासारखे दिसणारे पण निकामी असे बनावट द्रव्य द्यावे. असे द्रव्य लेडर्ले नावाच्या औषध कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली तयार होत होते. सुब्बाराव हे आंध्रातल्या भीमावरमचे. हार्वर्डमध्ये वर्षानुवर्षे मोलाचे काम करूनही तिथे कायमची प्राध्यापकी मिळाली नाही, म्हणून ते कंपनीत गेले होते. त्यांच्या चमूने केलेले अमिनोप्टेरिन हे औषध १९४७ च्या अखेरीस फार्बर यांनी मुलांना द्यायला सुरुवात केली.

३ जून १९४८ रोजी त्यांचा निबंध छापून आला. ज्या १६ मुलांना औषध दिले, त्यांपैकी १० मुलांत सुधारणा दिसली. रक्तातल्या कर्करोगपेशी ओसरल्या, मुले उठून चालू लागली. पण निबंधाच्या शीर्षकातच ‘तात्पुरती’ हा शब्द होता. काही महिन्यांत आजार परत येई, आणि मग औषध चालत नसे. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले; या कामातून पुढे काय उभे राहिले ते पाहायला ते राहिले नाहीत.

इथे तारखांकडे लक्ष द्यायला हवे. रेडिओवरचा कार्यक्रम निबंधाच्या १२ दिवस आधी झाला. लोकांकडे पैसा मागताना फार्बर यांच्या हातात एकही बरे झालेले मूल नव्हते. त्यांच्याकडे काही महिन्यांची उसंत होती आणि ती उसंत वाढवता येईल असा विश्वास. रुग्णालयातल्या अनेक सहकाऱ्यांना तो विश्वासही पटत नव्हता. मरणाऱ्या मुलांना आणखी सुया टोचू नयेत, असे त्यांचे मत होते. ते मत निर्दय नव्हते, हेही म्हटले पाहिजे. त्या वेळची परिस्थिती पाहता ते सुज्ञच वाटावे असे होते. संशोधनासाठी पैसा मागणे म्हणजे ज्याचा पुरावा अजून नाही, त्यासाठी मागणे. औषध सिद्ध झाल्यावर ते विकत घ्यायला पैसा देणारे पुष्कळ असतात.

फार्बर यांनी पैसा मागायची रीत पोलिओच्या मोहिमेकडून उचलली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट स्वतः पोलिओने पांगळे झालेले. १९३८ साली त्यांच्या संस्थेसाठी विनोदी नट एडी कँटर यांनी रेडिओवरून आवाहन केले, की प्रत्येकाने एक डाइम, म्हणजे दहा सेंटचे नाणे, थेट व्हाइट हाउसला पाठवावे. नाण्यांच्या पोत्यांनी टपालाची खोली भरून गेली. त्या पैशातून पुढे १९५५ ची साल्क यांची लस निघाली. पण पोलिओ आणि कर्करोग यांत फरक होता. पोलिओची भीती प्रत्येक घरात होती. उन्हाळ्यात पोहायला गेलेले आपले मूल घरी लंगडत येईल, असे प्रत्येक आईला वाटे. मुलांचा कर्करोग त्या मानाने विरळा. लोक तो शेजाऱ्याच्या घरातही क्वचित पाहत. भीतीच्या जोरावर पैसा उभा करता येणार नव्हता. मग उरले ममत्व, आणि ममत्वाला चेहरा लागतो.

तो चेहरा द्यायला नाटक-सिनेमावाले पुढे आले, हे बरेच झाले. व्हरायटी क्लब नावाची त्यांची संघटना पिट्सबर्गमध्ये सुरू झाली होती. १९२८ च्या नाताळच्या आदल्या रात्री तिथल्या शेरिडन स्क्वेअर नाट्यगृहात कोणी आई आपली तान्ही मुलगी एका खुर्चीवर सोडून गेली. क्लबच्या मंडळींनी त्या मुलीचा सांभाळ केला, आणि तेव्हापासून मुलांसाठी पैसा गोळा करणे हे संघटनेचे कामच होऊन बसले. न्यू इंग्लंडमधल्या त्यांच्या शाखेने फार्बर यांना हात दिला. चित्रपटगृहांत मध्यंतरात डबे फिरू लागले. प्रेक्षकाला खुर्चीत बसवून त्याच्या काळजाला हात घालणे ज्यांचा धंदाच होता, त्यांनी मुलाची निवड केली, नाव ठरवले, खेळाडू बोलावले, कार्यक्रम बसवला. डॉक्टरांना हे जमले नसते.

नाव ठरवले म्हणजे काय, तर तो मुलगा जिमी नव्हता. तो होता आयनार गुस्टाफसन. मेन राज्यात, कॅनडाच्या सीमेजवळच्या न्यू स्वीडन नावाच्या खेड्यातल्या बटाटे पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याला रक्ताचा कर्करोग नव्हता. त्याच्या पोटात लसिका ग्रंथींचा कर्करोग होता. उपचार घेऊन तो घरी गेला. इकडे ‘जिमी फंड’ दरवर्षी वाढत राहिला, आणि जिमी केव्हाच गेला असणार असे सगळ्यांनी धरून चालले. गुस्टाफसन ट्रक चालवत होता, संसार करत होता. १९९८ साली, निधीच्या पन्नासाव्या वर्षी, तो लोकांसमोर आला, तेव्हा त्याची नातवंडे झालेली होती. २००१ च्या जानेवारीत तो वयाच्या पासष्टाव्या वर्षी पक्षाघाताने वारला; कर्करोगाने नाही.

हे नाव बदलणे खोटेपणाचे होते का? माझ्या मते नाही. मुलाला गर्दीपासून वाचवण्याचा तो साधा, सभ्य उपाय होता. खटकते ते दुसरेच. देशातल्या लाखो लोकांना ठाऊक असलेली गोष्ट ज्याची आहे त्यालाच माहीत नाही, अशा रीतीने तो कार्यक्रम बसवला होता. त्या काळी मुलांना आजाराचे नाव सांगत नसत, हे खरे. आपल्याकडे आजही अनेक घरांत सांगत नाहीत. तरीही मुलाचा चेहरा वापरताना मुलाला काय विचारले, हा प्रश्न १९४८ पासून निधी गोळा करणाऱ्या प्रत्येकासमोर आहे. याला एक सुंदर अपवाद घडला तो २००० साली. अलेक्झांड्रा स्कॉट या चार वर्षांच्या अमेरिकन मुलीने घरासमोरच्या अंगणात लिंबू सरबताचे दुकान मांडले. तिला स्वतःला मज्जापेशींचा कर्करोग होता. सरबताचे पैसे डॉक्टरांना द्यायचे, म्हणजे ते माझ्यासारख्या इतर मुलांना बरे करतील, हे तिचे म्हणणे. २००४ मध्ये, आठ वर्षांची असताना ती गेली, तोवर देशभरच्या सरबताच्या दुकानांतून दहा लाख डॉलरच्या वर रक्कम जमली होती. दिसणारे मूल आणि लाभ होणारे मूल यांच्यातले अंतर इथे त्या मुलीनेच स्पष्ट शब्दांत सांगून टाकले होते.

जिमीच्या पैशातून बॉस्टनमध्ये १९५२ साली मुलांच्या कर्करोगसंशोधनाची स्वतंत्र इमारत उभी राहिली. १९५३ मध्ये ब्रेव्ह्ज संघ शहर सोडून गेला, तेव्हा त्याच शहरातल्या रेड सॉक्स या दुसऱ्या संघाने निधी दत्तक घेतला. पण तात्पुरत्या सुधारणेतून कायमची सुधारणा व्हायला आणखी वीस वर्षे गेली, आणि ते काम एका इमारतीत झाले नाही. गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून मर्कॅप्टोप्युरिन आले. आपल्या कुंपणावर बारमाही फुलते त्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आले. साठच्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत फ्राय आणि फ्रायराइक यांनी चार औषधे एकदम देण्याचे धाडस केले. विनोदी नट डॅनी थॉमस यांनी वर्गणी जमवून १९६२ मध्ये मेम्फिसला सेंट ज्यूड रुग्णालय सुरू केले. तिथे डोनाल्ड पिंकेल यांच्या लक्षात आले, की औषधे मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचत नाहीत आणि आजार तिथे लपून बसतो. त्यांनी डोक्याला किरणोपचार जोडला. १९७० च्या सुमारास निम्मी मुले बरी होऊ लागली. आज श्रीमंत देशांत या प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगातून दहापैकी नऊ मुले वाचतात.

मधल्या काळात नवी औषधे फारशी आली नाहीत. निम्म्यावरून नव्वद टक्क्यांवरचा बहुतेक प्रवास त्याच जुन्या औषधांवर झाला: कोणते आधी, कोणते नंतर, किती दिवस, किती मात्रेत, कोणत्या मुलाला जास्त आणि कोणाला कमी. हे ठरवायला चाचण्या लागतात, आणि पैसा खरा खर्च होतो तो इथे. एका प्रश्नासाठी शेकडो मुले लागतात. एका रुग्णालयात तेवढी येत नाहीत, म्हणून अनेक रुग्णालयांनी एकाच पद्धतीने उपचार करायचे. कोणत्या मुलाला कोणती पद्धत, हे डॉक्टरने ठरवायचे नाही. चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवायचे. आणि पाच वर्षांनी किती मुले जिवंत आहेत, हे पाहायला पाच वर्षे थांबण्यावाचून इलाज नसतो. तोवर पगार द्यायचे असतात. नोंदी भरणाऱ्याचा, नमुने गोठवून ठेवणाऱ्याचा, दूरच्या गावी फोन करून मूल कसे आहे विचारणाऱ्याचा, आकडे मांडणाऱ्याचा. वर्गणीच्या पत्रकावर छापता येईल असे यात काहीच नाही. फ्रीजचा फोटो पाहून कोणाचे मन द्रवत नाही.

औषधकंपन्या हा खर्च का करत नाहीत, असा प्रश्न स्वाभाविक आहे. मोठ्यांच्या कर्करोगासाठी करतात. मुलांचे रुग्ण मुळात कमी. त्यात यांतली बहुतेक औषधे जुनी, कोणाच्याही मालकीची न उरलेली, स्वस्त. एक मात्रा कमी दिली तर चालेल का, हा संशोधकाच्या दृष्टीने मोठा प्रश्न आहे. पण उत्तर ‘हो’ आले तर विकणाऱ्याचे नुकसान. पिंकेल यांनी डोक्याला दिलेल्या किरणांनी मुले वाचली, पण पुढे अनेकांचे शिकणे आणि वाढणे मागे पडले. ते किरण टाळूनही मुले वाचतात, हे सेंट ज्यूडमधल्याच एका चाचणीने २००९ साली दाखवून दिले. ‘कमी द्या’ असे सांगणारे संशोधन वर्गणीतून किंवा सरकारी पैशातूनच होऊ शकते. तिसरा कोणी त्यात पैसा घालणार नाही.

आता आपल्याकडे. गंमत अशी, की रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी मुंबईच्या पैशाने बॉस्टनच्या कितीतरी आधी सुरुवात केली होती. १९३१ साली, म्हणजे विल्सबाईंचा निबंध आला त्याच वर्षी, सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. दोराबजींनी १९३२ मध्ये, स्वतःच्या मृत्यूच्या थोडे आधी, त्यांच्या नावाने विश्वस्त निधी स्थापला. त्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा जगातल्या कोणत्याही देशातल्या रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनाला द्यावा, अशी तरतूद होती, आणि तो आजही दिला जातो. तिथे चेहरा होता, पण गेलेल्या माणसाचा. आणि दाता एकच होता. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, तेही टाटांच्याच विश्वस्त निधीतून. पुढे ते सरकारकडे गेले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे.

ऐंशीच्या दशकापर्यंत आपल्याकडे रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांपैकी पाचातले एखादे वाचे. औषधे उपलब्ध होती. अमेरिकेतली पद्धत तशीच्या तशी उचलली, तर मुले औषधाच्या माऱ्यानेच दगावत. मुंबईचे टाटा रुग्णालय, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईची कर्करोग संस्था यांनी अमेरिकन राष्ट्रीय संस्थेच्या इयन मॅग्रथ यांच्याबरोबर आपल्या परिस्थितीला झेपेल असा एकच उपचारक्रम आखला. एमसीपी ८४१ हे त्याचे नाव. मुंबईत सुरेश अडवाणी हे या कामात आघाडीवर होते. तिन्ही ठिकाणी एकच पद्धत, एकाच तऱ्हेच्या नोंदी. काही वर्षांत बरी होणारी मुले निम्म्याच्या आसपास गेली. नवे औषध एकही नव्हते. शिस्तीने विचारलेला प्रश्न तेवढा नवा होता.

पण इथल्या आकड्यांत एक रकाना असा होता, जो बॉस्टनच्या तक्त्यात जवळपास रिकामा असे. उपचार सोडून गेलेली मुले. रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. बुलढाण्याहून किंवा बिहारमधून आलेला बाप किती दिवस मजुरी बुडवणार? पहिल्या दोन महिन्यांत मूल हसू-खेळू लागते, पैसे संपलेले असतात, गावी दुसरी मुले असतात. कुटुंब परत जाते, आजार परत येतो. टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागात २००९ च्या सुमारास पाचातले एक मूल असे निघून जात होते. पुढच्या वर्षी इम्पॅक्ट फाउंडेशनच्या रूपाने एक व्यवस्था उभी राहिली: औषधाचा खर्च, राहायची जागा, आहार, समुपदेशन, आणि मुख्य म्हणजे ठरल्या दिवशी मूल आले नाही तर त्याच दिवशी फोन. काही वर्षांत गळती वीसात एकाच्याही खाली आली. एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक पडला असता, तर जगभर मथळे झाले असते.

परळ-दादरला धर्मशाळा ही नवी गोष्ट नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे रुग्ण आणि नातलग वर्षानुवर्षे राहत आले आहेत. २००६ पासून सेंट ज्यूड इंडियाची केंद्रे खास मुलांच्या कुटुंबांसाठी आहेत. नाव तेच असले तरी मेम्फिसच्या रुग्णालयाची ती शाखा नव्हे. निवारा आणि अन्न देण्याची आपली परंपरा मोठी आहे. संशोधनाला देणगी देण्याची परंपरा मात्र टाटांसारखी घराणी सोडली तर जवळपास नाही. या दोन गोष्टी वेगवेगळ्या वहीत लिहायच्या, असे आपण मानतो, आणि मला वाटते चूक इथे होते. निम्मी मुले मध्येच निघून गेली, तर कोणतीही चाचणी निरर्थक ठरते. उरलेल्यांवरून काढलेला आकडा खोटा असतो. म्हणून धर्मशाळेची खोली हे प्रयोगशाळेचेच साहित्य आहे. आणि उलट बाजूने, किती मुले गेली, का गेली, कशाने थांबली, हे कोणी मोजले नसते, तर त्या खोलीने नेमके किती जीव वाचवले हे कळलेच नसते. मोजणारा माणूसही पगारी असतो.

आपल्याकडे मुलांच्या कर्करोगासाठी पैसा जमतच नाही असे नाही. वर्तमानपत्रातले ‘मदतीचे आवाहन’ आता मोबाइलवर येते. फोटो, रुग्णालयाचे अंदाजपत्रक, खाते क्रमांक. चार दिवसांत लाखो रुपये गोळा होतात. गणेश मंडळे देतात, शाळेचे जुने वर्ग देतात. २०१३ च्या कायद्यापासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, त्यांतलेही बरेच रुग्णालयांकडे येतात: यंत्रे, वॉर्डाचे रंगकाम, भिंतीवर पाटी लावता येईल असे काही. समोरच्या मुलाला मदत करू नका, असे कोणी म्हणू शकत नाही, मीही म्हणत नाही. पण त्या आवाहनांतले अंदाजपत्रक एवढे मोठे का, आणि दिलेला उपचार या मुलाला लागू पडेल याची खात्री किती, या प्रश्नांची उत्तरे त्या चार दिवसांच्या वर्गणीतून कधी मिळणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना आणि किशोरांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, गरीब आणि मध्यम देशांत अनेक ठिकाणी ३० टक्क्यांहूनही कमी. बहुसंख्य मुले दुसऱ्या गटातल्या देशांत राहतात. चाचण्या बहुतेक पहिल्या गटात होतात. जी मुले पोषणात कमी पडतात, ज्यांना उपचारांत जंतुसंसर्ग लवकर गाठतो, त्यांना औषधाची किती मात्रा झेपते, हे मेम्फिसमध्ये कळायची सोय नाही.

देणगी देताना म्हणून काही साध्या गोष्टी विचारता येतात. संस्थेत संशोधनाचे खाते वेगळे आहे का? उपचार संपल्यावर मूल किती वर्षे नजरेखाली ठेवतात? निघून गेलेल्यांची संख्या सांगतात का? जी संस्था हा शेवटचा आकडा न लाजता सांगते, तिला पैसे द्यायला हरकत नाही, असा माझा ठोकताळा आहे.

संशोधनात घातलेला पैसा कसा परत येतो, याचे अलीकडचे उदाहरण पवई आणि नवी मुंबईतले आहे. रुग्णाच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोग ओळखायला शिकवून परत शरीरात सोडायच्या, ही कार-टी उपचारपद्धती. अमेरिकेत २०१७ साली तिला परवानगी मिळाली ती मुलांसाठी आणि पंचविशीपर्यंतच्या तरुणांसाठी. किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर, त्या वेळच्या दराने तीन कोटी रुपये. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार आणि टाटा स्मारक केंद्रात गौरव नरूला व त्यांचे सहकारी यांनी सरकारी अनुदानांच्या बळावर ती इथे घडवली. जून २०२१ मध्ये खारघरच्या केंद्रात पहिला रुग्ण झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी आली, आणि किंमत तीन कोटींवरून तीस-चाळीस लाखांच्या घरात उतरली. तीस लाखसुद्धा कोणाच्या खिशात असतात, हे वेगळे.

त्या मंजुरीत वयाची अट होती: १५ वर्षे किंवा त्याहून मोठे. अमेरिकेत हे औषध मुलांपासून सुरू झाले, आपल्याकडे ते मुलांच्या अलीकडे येऊन थांबले. पंधराच्या आतल्यांसाठी पुरावा निराळा गोळा करावा लागतो; त्याला चाचणी निराळी, परवानगी निराळी आणि निधीही निराळा लागतो.